भरतीची राखण

"नाथा, त्या मिरच्या आधी खाली ठेव. ठेव म्हनते ना!"

मंजुळा उंबऱ्याच्या आत एक पाय टाकता टाकताच ओरडली आणि निखाऱ्यांवर गेलेला नाथा भगताचा हात तसाच थांबला. चेंदणीच्या कोळीवाड्यात मंजुळा सुइणीचा आवाज ऐकून न थांबणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. आला असताच तर तिच्याच हातून आला असता. नाथा तिच्याहून चार वर्षांनी मोठा म्हणून तेवढा सुटला, पण त्याची चारही पोरं तिनंच या जगात आणलेली. त्यानं मुकाट्यानं मूठ मागं घेतली.

कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून भागीरथी बसली होती. सतरा-अठरा वर्षांची पहिलटकरीण, बाळंत होऊन आज बारावा दिवस. केस मोकळे, चोळी उलटी घातलेली. चार दिवस, चार रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि तरी डोळे टक्क उघडे. बाळ शेजारच्या घरी नेऊन ठेवलं होतं, कारण कालपासून तिनं एकच धोशा लावला होता, ह्याला माझ्यापासून लांब न्या.

"बाधा हाय गो मंजुला," तिची सासू जाना पदरानं डोळे पुसत म्हणाली. "खाडीची बाधा. पाचवीच्या दिशी ही पाठच्या दारानं भायेर गेली, मीच जाऊ दिली, माज्या मेलीच्या ध्यानात नाय आला. आता बालाला बाल म्हनत नाय. म्हनते, खाडी मना बोलवते."

"बोलवू दे. तिला सांग, मंजुला आत बसलीय, मागनं ये."

असं म्हणून मंजुळा भागीरथीच्या समोर बसली. कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. पोट चाचपलं, ठीक होतं. मग हात हातात घेतला, तर तो गार आणि थरथरता. "भागी, ए बाय," तिनं हाक मारली. भागीरथीनं तिच्याकडं पाहिलं, पण ती पाहत होती ते मंजुळाच्या मागचं काहीतरी. हे पाहणं मंजुळानं पूर्वी एकदा पाहिलं होतं.

दारात भागीरथीचा नवरा नामा उभा होता. अंगानं दांडगा, खाडीत रोवायचा डोलीच्या जाळ्याचा खुंट वाऱ्यातही एकट्यानं पेलणारा गडी, पण आज त्याला आपले हात कुठं ठेवावेत तेही सुचत नव्हतं. "मंजुलामावशी, मी काय म्हनतो," तो चाचरत म्हणाला, "जाल्यांच्या खोलीत ठेवू तिला. भायेरनं कडी लावली का काय भीती नाय. बाल पन सुखरूप, ती पन सुखरूप."

"कडी नाय लावायची."

"पन मावशी—"

"कडी नाय लावायची बोलले ना एकदा!"

आवाज इतका चढला की शेजारच्या घरातलं बाळ रडायला लागलं. मंजुळा एरवी तोंडाळ होती, पण ओरडणारी नव्हती. सगळे तिच्याकडं बघायला लागले. ती उठली आणि पदर सावरून बाहेर पडली, कारण तिथं आणखी थांबती तर रडली असती.

पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मंजुळाची धाकटी बहीण काशी अशीच पहिल्या खेपेला बाळंत झाली आणि अशीच जागी राहायला लागली. तेव्हा घरातले म्हातारे हेच म्हणाले होते, जाळ्यांच्या खोलीत ठेवा, कडी लावा, सकाळपर्यंत उतरेल. कडी लावली ती मंजुळानं. काशी आतून म्हणत होती, "मंजुल्ये, तू तरी बस गो माज्याजवल." मंजुळा बसली नाही. तीही वीस-बावीस वर्षांची होती, घाबरली होती, आणि कडी लागलेली आहे म्हणून घरी जाऊन झोपली. सकाळी कडी काढली तीही तिनंच. आत काशी होती, पण जिवंत नव्हती.

त्यानंतर मंजुळा थोरल्या सुइणीच्या हाताखाली राहून काम शिकली. आपल्या घराच्या दाराची कडी तिनं त्याच आठवड्यात उपटून टाकली. रात्री-अपरात्री बोलावणं येतं म्हणून दार उघडं ठेवते, असं कोळीवाडा समजत आला. खरं काय ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. काशी गेली हे सगळ्यांना ठाऊक होतं, कडी कुणाच्या हातची ते कुणी विचारलं नव्हतं.

आता पंचाईत अशी, की हे आपल्याच्यानं निभायचं नाही हे तिला कळत होतं, आणि ज्याच्याकडं जायला हवं त्याच्याशी तिचं शिमग्यापासून वाकडं होतं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर मधुसूदनपंत. पुण्याकडचा तरुण माणूस. त्यांनी भर बाजारात तिला विचारलं होतं, "मंजुळाबाई, नाळ कापायच्या आधी सुरी उकळून घेता ना?" आणि तिनंही भर बाजारातच उत्तर दिलं होतं, "तुज्या जल्माच्या आधीपास्नं कापते मी!" त्या दिवशी तिनं शपथ वाहिली होती, की मेले तरी याची पायरी चढणार नाही. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवसापासून ती सुरी उकळायला लागली होती, पण ते डॉक्टरला सांगायची काय गरज?

भर दुपारी तळ्याच्या काठानं ती जवळजवळ पळतच दवाखान्यात पोचली आणि पायरी चढली. मधुसूदनपंत जेवायला म्हणून हात धूत होते.

"डाक्तर, चल."

"आत्ता? कोण अडलंय?"

"अडलेली नाय. मोकली होऊन बारा दिस झाले. झोपत नाय, खात नाय, खाडी बोलवते म्हनते. घरातले कडी लावायला निघालेत." मंजुळा दम घ्यायला थांबली. "मना जमत नाय हे."

एवढे चार शब्द मंजुळाच्या तोंडून अख्ख्या ठाण्यात कुणी ऐकले नव्हते. डॉक्टरांनी तिच्याकडं नीट पाहिलं, हात पुसले आणि पेटी उचलली. शिमग्याचा विषय त्यांनी वाटेत काढला नाही, आणि याबद्दल मंजुळानं त्यांना मनातल्या मनात थोडंसं माफ केलं.

कोळीवाड्यात येऊन ते भागीरथीपासून हातभर अंतरावर जमिनीवरच बसले. नाडी पाहिली, जीभ पाहिली. मग हळू आवाजात, पण अगदी सरळ विचारलं, "बाई, जीव द्यावासा वाटतो का?"

"अगो बाय! आसं इचारतात काय?" जाना कळवळली.

"विचारल्यानं कुणाच्या मनात येत नाही, आजी. आलेलं असतं ते बाहेर पडतं," डॉक्टर म्हणाले आणि पुन्हा भागीरथीकडं वळून थांबून राहिले.

भागीरथीनं चार दिवसांत पहिल्यांदा समोरच्या माणसाकडं पाहिलं. "हां," ती म्हणाली. "मी हितं ऱ्हायले तर बालाला कायतरी करीन. म्हून."

नाथा भगतानं मिरच्यांचं ताट पायानंच मागं सारलं.

बाहेर अंगणात डॉक्टरांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. "ही बाधा नाही आणि ढोंग तर नाहीच नाही. बाळंतपणानंतर एखादीला ताप येतो तसं एखादीचं मन बिघडतं. यातून उठतात बायका, मी उठलेल्या पाहिल्यात. मॅजिस्ट्रेटसाहेबांचा हुकूम काढून हिला मुंबईला, कुलाब्याच्या वेड्यांच्या इस्पितळात धाडता येईल, पण तान्हं बरोबर नेता येणार नाही. तुम्ही इथंच सांभाळलीत तर मी रोज येईन. झोपेचं औषध देतो. पण नुसत्या औषधानं भागायचं नाही. तिला घटकाभरही एकटी सोडायची नाही. दिवसा नाही, रात्री नाही, मी बरी आहे असं ती म्हणाली तरी नाही."

"किती दिस?" नामानं विचारलं.

"महिना धरा."

महिना! जाना सांध्यांनी धरलेली, नामाला समुद्राला जाणं भाग, बाजारात मासळी न्यायला दुसरं कुणी नाही. कोळ्याच्या घरात महिनाभर कोण नुसतं बसून राहणार? तेव्हा मंजुळा बोलली, "दार उघडा ठेवायचा, नि दारात मानूस बसवायचा. मानसं मी बघते."

आणि तिनं ती पाहिली. चेंदणीत कुणाच्या घरी घड्याळ नव्हतं. कोळ्याचं सगळं पाण्यावर चालतं. भरती आली की एक काम, ओहोटी लागली की दुसरं, आणि डोलीची जाळी खुंटाला लावली की कोणत्या पाण्याला कुणी जायचं ते ठरलेलं. मंजुळानं राखणही तशीच लावली. आठ घरं, एक घर एक पाणी. भरती लागली की जाना उठायची, शेजारीण बसायची. ओहोटी लागली की शेजारीण उठायची, तिसरी यायची. कुणाला काही शिकवावं लागलं नाही. जन्मभर हेच करत आलेल्या बायका, झोपेतसुद्धा पाणी फिरलेलं त्यांना कळायचं. येताना हातात काम घेऊन यायच्या, कुणी जाळं विणायला, कुणी सोडे निवडायला, आणि उंबऱ्यावर बसून भागीरथीशी काहीबाही बोलत राहायच्या. ती उत्तर देवो न देवो.

तिसऱ्या दिवशी नाथा भगत स्वतःहून आला. "मना पन एक पानी दे," तो मंजुळाला म्हणाला.

"तू रं काय करशील?"

"भूत आला तर मी हायेच. नाय आला तर नुसता बसीन."

"बस बाबा. पन मिरच्या घरी ठेवून ये."

औषधानं भागीरथीला आधी तीन तास झोप लागली, मग पाच. डॉक्टर रोज सकाळी छत्री घेऊन यायचे, उंबऱ्यावर जी कोणी असेल तिला वाकून नमस्कार करायचे आणि आत जायचे. सहाव्या दिवशी भागीरथीनं वाटीभर पेज आपल्या हातानं खाल्ली. सातव्या दिवशी विचारलं, "पोर दूद कुनाचं पितो?" शेजारणीचं, असं कळल्यावर ती भिंतीकडं तोंड करून रडली. जाना घाबरली, पण मंजुळा म्हणाली, "रडू दे. कोरडी होती तवा मना भीती होती."

मग मंजुळाला कळव्याहून बोलावणं आलं. जुळं होतं, त्यातलं एक आडवं. ती खाडीपलीकडं गेली आणि तिथंच दोन दिवस अडकली. दोन्ही पोरं हाती लागली, आई वाचली. तिसऱ्या दिवशी दुपारी दाजीच्या होडीत बसून ती परत निघाली तेव्हा अंग दुखून आलं होतं, पण जीव खूश होता.

खाडी संथ होती. पौर्णिमेचं उधाण केव्हाच ओसरून आज अष्टमी, भांगाचे दिवस. भांगात पाण्याला जोर नसतो, भरती आली तरी बंदराच्या वरच्या पायऱ्यांना शिवत नाही, म्हणून डोली काढून सगळा गाव किनाऱ्यावर जाळी वाळवत, शिवत बसतो. तसा तो बसला होता. पुरुष एकीकडं, बायका एकीकडं, हसण्याबोलण्याचा आवाज पाण्यावरून होडीपर्यंत येत होता. मंजुळा कौतुकानं एकेकीला ओळखत होती. ती जाना. ती तिची शेजारीण. तो नाथा, मेला जाळं शिवतोय का झोपतोय कोण जाणे. राखणीतल्या सगळ्या दिसल्या. तिनं पुन्हा मोजल्या. आठही घरं किनाऱ्यावर होती.

"दाजी," ती मागं वळली. "आज पानी कुनाचा हाय?"

"कसला पानी?"

"भागीच्या दारातला रं!"

दाजी वल्हं मारता मारता सहज म्हणाला, "भांग लागला ना, मंजुलाबाय. भांगात कोन पानी मोजतो? समदी घरीच तर हायेत."

समदी घरीच. उधाणात, कामाच्या धबडग्यात जी राखण एक दिवस चुकली नव्हती, ती सगळे मोकळे झाले तेव्हा चुकली होती. जानाला वाटलं असणार शेजारीण आहे, शेजारणीला वाटलं असणार नामा आहे, नामाला वाटलं असणार आई आहे. कुणाचाच दोष नव्हता. पाण्यावर मोजायला सांगितलं होतं ते मंजुळानंच.

ती होडीत उभी राहिली आणि किनारा न्याहाळायला लागली. बंदर, पायऱ्या, मग मिठागराचा बांध. बांधाच्या पलीकडं, माणसांच्या नजरेआड, चिखलात एक बाई उभी होती. गुडघ्यापर्यंत रुतलेली, तोंड पाण्याकडं.

दाजीनंही पाहिलं आणि ओरडायला तोंड उघडलं. मंजुळानं त्याच्या तोंडावर हात दाबला. "गप! गाव धावंल, नि ती फुडं जाईल. होडी बांधाकडं घे. हलू घे."

उधाणाचं पाणी असतं तर एव्हाना तिथं पुरुषभर खोल असतं. भांगाची भरती अजून पंचवीस-तीस हात लांब होती, पण येत होती. चिखल जिथं लागला तिथं दाजीनं होडी थांबवली. चिखलावरून सरकवत न्यायची फळी होडीत होती. मंजुळानं ती टाकली आणि पन्नाशीला टेकलेली ती बाई फळी पुढं सरकवत, तिच्या आधारानं रांगत निघाली. भागीरथीपासून चार हातांवर फळी रुतून अडली. मंजुळा तिथंच बसली, पाय चिखलात सोडून.

"आले गो मी," ती धापा टाकत म्हणाली. "कलव्याला जुली झाली. दोनी पोरगेच."

भागीरथीनं मान वळवली नाही. "तू जा मावशी."

"जाते. जरा दम खाऊ दे." मंजुळानं तिच्याकडं बारीक नजरेनं पाहिलं. चोळी पुढून ओली झाली होती, आणि तिथवर खाडीचं पाणी काही उडालं नव्हतं. "भागी, छाती भरलीय ना? दुखते?"

एकदम लहान पोरीच्या आवाजात उत्तर आलं, "लय दुखते गो."

"दुखनारच. गाठी झाल्या आसतील. कदीपास्नं?"

"सकालपास्नं. पोर पलीकडं रडला, नि आपोआप आला. मी उठले, तर दारात कोनी नव्हता. मना वाटला, आता माजी राखन संपली. समदी कंटालली. दार उघडा, नि दारात कोनी नाय, म्हंजे जा असाच ना?"

मंजुळानं पाण्याकडं पाहिलं. ते आता वीस हातांवर होतं. दाजी होडीत जीव मुठीत धरून बसला होता. तिला धावत जाऊन पोरीचा दंड धरावासा वाटत होता, पण चिखलात धावता येत नाही, आणि ओढलेलं माणूस दुसऱ्या बाजूला ओढ घेतं, हे तिला ठाऊक होतं. मग तिच्याजवळ उरलं होतं तेवढंच तिनं काढलं.

"माजी एक भईन हुती," ती म्हणाली. "काशी. तुज्यासारकीच झाली, बालंत झाल्यावर. तिना जाल्यांच्या खोलीत ठेवली नि भायेरनं कडी लावली. कोनी लावली म्हाईत हाय?"

मंजुळानं आपल्या तळहाताकडं पाहिलं.

"मी लावली. ह्या हातानं. ती आतनं बोलली, माज्याजवल बस. मी नाय बसले. सकाली काडली कडी." पंचवीस वर्षांत हे तिनं देवाला सांगितलं नव्हतं आणि आता भर दुपारी खाडीच्या चिखलात बसून सांगत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, चिखलाच्या हातांनी ते पुसायचीही सोय नव्हती.

भागीरथीनं आता मान वळवली. "कडी कनाला लावलीस?"

"भ्याले म्हून."

"मी पन भ्याले, मावशी."

"म्हाईत हाय. मी पन आता भ्यालेच हाय. बघ ना, हात कसा हलतो." तिनं तो खरोखर थरथरणारा हात पुढं केला. "आज दारात कोनी नव्हता ती चूक माजी. मी पान्यावर मोजायला सांगितला, भांगाचा इसरले. कोनी कंटाललेला नाय गो. त्या समद्या मेल्या बांधाच्या पल्याड जाली शिवतायत, नि जो तो समजतो दुसरी हाय. तुना बघून त्यांची काय गत होईल ती बघच तू. ये. मना एकटीला परत रांगवत नाय."

पाणी आता पंधरा हातांवर होतं. भागीरथीनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा त्या हाताकडं. मग तिनं पाय उपसायला सुरुवात केली. एक निघाला, दुसरा निघेना. "अडकला," ती म्हणाली आणि घाबरून रडायला लागली, आणि ते घाबरणं पाहून मंजुळाला इतका आनंद झाला की ती मोठ्यांदा हसलीच. "आग थांब, भवाने! आडवी हो, फलीला धर. दाजी, बघतोस काय, दोरी टाक!"

बांधावरून दोघी चिखलानं माखलेल्या चालत आल्या तेव्हा किनाऱ्यावरचं हसणंबोलणं एकदम बंद पडलं. जानाच्या हातातली सुई गळली. तिला कळायला क्षणभर लागला आणि मग तिनं जो टाहो फोडला, तो ऐकून नामा जाळी तुडवत धावला. नाथा भगत नुसताच थोबाडीत मारून घेत राहिला. भागीरथी त्या सगळ्यांकडं आश्चर्यानं पाहत होती. तिच्यासाठी एवढी माणसं रडतील असं तिला वाटलं नव्हतं.

डॉक्टर आले. कुणालाच रागावले नाहीत. औषध वाढवलं आणि पोराला दिवसातून दोनदा, कुणीतरी शेजारी बसून, आईच्या पदराखाली द्यायला सांगितलं. त्या संध्याकाळी मंजुळानं आठही घरांना अंगणात बोलावलं. सगळ्या खाली मान घालून उभ्या होत्या.

"चुकला ते माजा," ती म्हणाली. "पन आता ध्यानात ठेवा. भांगात पानी कमी येतो. येत नाय असा नाय. भांगाला दोन-दोन मानसं बसतील."

आणि दोन-दोन बसली. महिना म्हणता म्हणता दोन महिने झाले. मधे एकदा पुन्हा चार वाईट दिवस आले, तेव्हा मंजुळा आपलं अंथरूणच घेऊन आली. पण ते सरले. एके सकाळी भागीरथी मासळीची टोपली घेऊन सासूबरोबर बाजाराला गेली आणि गिऱ्हाइकाशी कडाकडा भांडली. जाना हे सांगत घरोघर हिंडली.

वर्ष उलटलं. कोळीवाड्याच्या दुसऱ्या टोकाला एक पोर बाळंत झाली. सगळं सुखरूप होतं, पण तिसऱ्या दिवशीपासून तिची झोप उडाली आणि मंजुळाच्या मनात पाल चुकचुकली. डॉक्टरांना सांगावा धाडून ती दुपारी तिकडं निघाली. आता उंबऱ्यावर बसायचं, मग संध्याकाळी आठ घरं गाठायची, असा हिशेब करत ती दाराशी पोचली आणि थांबली.

दार उघडं होतं. उंबऱ्यावर भागीरथी बसली होती. मांडीवर जाळं, हातात सुई, आणि तिच्या पदराचं टोक तोंडात कोंबून वर्षाचं पोर शेजारी उभं राहायची खटपट करत होतं.

"तुना कोनी बसवली?"

"कोनी नाय. पानी फिरला, आले." भागीरथीनं मान वर न करता गाठ आवळली.

"आज भांग हाय."

"म्हून तर आले. जा तू मावशी, झोप जरा. ही भरती माजी."

आतून त्या बाळंतिणीचा हलका आवाज आला, कोण आहे म्हणून. "मी हाय गो, भागी," भागीरथीनं सांगितलं. "हितंच हाय मी."

मंजुळा घरी आली, पाय धुतले आणि तशीच जमिनीवर आडवी झाली. कडी नसलेलं दार वाऱ्यानं थोडं हललं. "बसली गो, काशी, कोनीतरी बसली," ती स्वतःशीच म्हणाली, आणि दिवे लागेपर्यंत गाढ झोपली.